पुढचा डावा आर्म

"गेला वहिनी. ह्यो बी गेला."

साळोखेंनी रुमालाची गाठ सोडली आणि काळ्या नायलॉनचे दोन तुकडे काउंटरवर ठेवले. जखमी पाखरू ठेवावं तसे, हलक्या हातानं.

"पुढचा डावाच?" मी विचारलं.

"डावाच. डाव्या बाजूचं मी काय घोडं मारलंय, कुणास ठाऊक."

"कशावर आपटली गाडी?"

"दगूड. वळणावर एक दगूड हाय. माझीच वाट बघत बसल्याला असतोय."

मी तुकडे उचलून उजेडात धरले. रिमोटवर पळणाऱ्या शर्यतीच्या गाडीत चाक ज्या हातानं गाडीच्या अंगाला धरलेलं असतं, तो हा आर्म. बोटाएवढा. दिसायला काही नाही, पण गाडी कशावर आदळली की पहिला मार यालाच. आमच्या दुकानात सगळ्यात जास्त खपणारी वस्तू हीच.

मोडलेला आर्म कसा बघायचा, ते मला आमच्या यांनी, माझ्या नवऱ्यानं, शिकवलं होतं. आपटून मोडला तर तो पिन जाते त्या भोकापाशी मोडतो, आणि कडा करकरीत राहते. साळोखेंचा नेहमी मध्येच मोडायचा. मोडलेल्या जागी पांढरी रेघ असायची, जुन्या नऊवारीच्या घडीवर पडते तशी. दगडही वेगवेगळे असतील, असं म्हणून मी तुकडे खणात टाकायची.

"आणि अंगठ्याला पट्टी कसली?"

"ही व्हय? डबा उघडताना लागलं."

"मागच्या सोमवारीही डबाच होता."

"डबंच लई खराब यायला लागल्यात वहिनी," असं म्हणून साळोखे दाराजवळच्या स्टुलावर बसले, रस्त्याकडं तोंड करून. मी फडक्यानं गाळून, उकळून थंड केलेल्या पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी तो वरून प्यायला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "तर काय झालं काल, सांगतो."

माझा आठवडा तिथं सुरू व्हायचा.

ही कोल्हापुरातल्या उद्यमनगरची गोष्ट. आता पुष्कळ वर्षं झाली. आमच्या यांचं लेथचं काम होतं. दिवसभर पंपांचे शाफ्ट काढायचे आणि संध्याकाळी त्याच लेथवर रिमोटच्या गाड्यांचे बारीकसारीक भाग करत बसायचे. मग बेळगाव-सांगलीहून शौकीन लोक यायला लागले, तेव्हा यांनी पुढच्या खोलीत दुकानच काढलं. 'मगदूम हॉबी' अशी पाटी त्यांनीच रंगवली. हे गेले, लेथ विकली, दुकान राहिलं. लेक बेंगळुरूला असते. ती म्हणायची, "आई, बंद कर आणि इकडं ये." मी म्हणायची, "येईन." दोघींनाही माहीत होतं की मी जाणार नाही. तिच्या घरी सगळ्यांची जेवणं दिवस बुडाल्यावर व्हायची आणि माझं दिवस बुडायच्या आत. एका घरात राहूनही मी एकटीच जेवणार होते. मग इथंच काय वाईट?

आमच्या जैन धर्मात देशव्रत म्हणून एक व्रत आहे. त्या दिवसापुरती पायांना हद्द घालून घ्यायची. सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, भगवंतांपुढं उभं राहून जेवढी हद्द बोलाल तेवढीच. नंतर दिवसभरात कितीही अडलं तरी तिच्यापुढं पाऊल टाकायचं नाही. हे गेल्यापासून माझी हद्द ठरून गेली होती. घर, बस्ती, दुकान. शहराबाहेरच्या माळावर दर रविवारी शर्यती व्हायच्या. त्या गाड्यांचे स्क्रू, बेअरिंगं, गिअर मी रोज विकत होते, पण गाडी पळताना मी एकदाही पाहिली नव्हती.

साळोखे सांगायचे तेवढीच शर्यत मला माहीत.

ज्योतिराम साळोखे एसटीचे ड्रायव्हर होते, रिटायर झालेले. बायको आधीच गेलेली, मुलगा दुबईला. यांनीच त्यांच्या हातात रिमोट दिला होता. "जन्मभर मोठी चालवली, आता छोटी चालवा," म्हणाले होते. साळोखे मोठ्यानं बोलायचे, खोकल्यासारखं हसायचे. मला हळू बोलायची सवय. गिऱ्हाइकं दोनदा विचारायची, "काय म्हणालात काकू?" साळोखेंनी कधी विचारलं नाही. मी बोलायला लागले की ते आपला आवाज आधीच खाली आणायचे, गाडी गावात शिरताना वेग कमी करावा तसा.

ते रिकाम्या हातानं कधी यायचे नाहीत, त्याला एक कारण होतं. हे गेल्यावर काही दिवसांनी ते एकदा सहज आले होते, काही घ्यायचं नसताना. स्टुलावर बसले, बोलणं यांच्या आठवणींवर आलं. तेवढ्यात समोरचा वेल्डिंगवाला रस्त्यापलीकडून ओरडला, "काय काका, आज काय खरेदी?" त्याच्या हाताखालची दोन माणसं हसली. साळोखे उठून कधी गेले ते मला कळलंही नाही. पाणी तसंच राहिलं. त्यानंतर कितीतरी आठवडे ते आले नाहीत, आणि आले ते मोडलेला आर्म घेऊनच. "वहिनी, मोडला!" असं त्यांनी दारातूनच सांगितलं. वेल्डिंगवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात.

मी त्यांना उकळलेले आर्म द्यायची. तीही यांचीच युक्ती. नवं नायलॉन कोरडं असतं, थंडीत कडकन तुटतं. थोडा वेळ उकळत्या पाण्यात ठेवलं की ते पाणी पितं आणि चिवट होतं. मग वाकेल, पण तुटणार नाही. बाकीच्या गिऱ्हाइकांना मी पुडीतलाच आर्म देत असे, कुणाकुणासाठी करत बसणार? साळोखेंसाठी मात्र रविवारी, प्यायचं पाणी उकळून झालं की वेगळ्या पातेल्यात एक आर्म टाकून ठेवायची. तरीही तो सोमवारी मोडून परत यायचा. मला वाटायचं, केवढ्या वेगानं चालवत असतील हे!

तर त्या सोमवारी साळोखेंची नजर काउंटरवरच्या नव्या खोक्यावर गेली.

"हे काय आलंय नवीन?"

"ॲल्युमिनियमचे आर्म. सांगलीच्या पोरांनी मागवले. एक जोडी जास्तीची आली."

त्यांनी एक उचलला. निळा, चकचकीत, आरशासारखा. त्यांनी तो हातात तोलला, दोन्ही टोकांना धरून अंगठ्यांनी थोडा दाबून पाहिला. पट्टी बांधलेला अंगठा पांढरा पडला.

"ह्यो मोडत न्हाई?"

"सहजी नाही."

"मग आमच्या गाडीला कसा काय?" ते हसत म्हणाले, पण माझ्याकडं बघत नव्हते. "तुम्ही सांगाल ते. तुम्ही म्हणाला घ्या, तर घेतो. न्हाई म्हणाला, तर आपलं काळं बरं हाय."

उत्तर मला ठाऊक होतं. यांनी ते इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांच्याच आवाजात ऐकू आलं. 'आर्म नायलॉनचाच पाहिजे. पिन पोलादी, शॉकअप बसतो तो खांब ॲल्युमिनियमचा, पण मार खाणारा हात नायलॉनचा. ॲल्युमिनियम स्वतः मोडत नाही, मार आत पाठवतं. आर्म वाचतो आणि मागं चासी, गाडीचा सांगाडाच, तडकते. मोडायचं ते बाहेरच्या बाहेर मोडलं पाहिजे.'

मी तोंड उघडलं. पण त्याच वेळी मनात दुसरंही काहीतरी हललं. नायलॉन म्हणजे पुढच्या सोमवारी परत दारातून "मोडला!" ऐकू येणार. त्याच्या पुढच्याही. मी घाबरले. मी जे सांगणार होते ते यांचं ज्ञान होतं की माझी हाव?

"उद्या सांगते," मी म्हणाले.

"उद्या?" साळोखेंनी माझ्याकडं पाहिलं. "एवढा इचार करायचं काम हाय?"

"आहे."

त्या संध्याकाळी दिवस असतानाच जेवून मी सामायिकाला बसले. सगळ्यांबद्दल मन सारखं ठेवायचं आणि आपल्या आत काय चाललंय ते शांतपणे बघायचं, एवढंच त्यात असतं. मी बघितलं. आत रिकामं स्टूल होतं, शेजारी पाण्याचा तांब्या होता आणि रस्त्याकडं तोंड केलेली एक पाठ होती. ज्या सल्ल्यात आपला फायदा मिसळलेला आहे तो सल्ला गाळलेला नाही, असं मला वाटलं. गाळलेलं नसेल ते पाणी मी स्वतः पीत नाही, तर दुसऱ्याला कसं देऊ?

मंगळवारी साळोखे दुकान उघडायच्या वेळेलाच आले. दाढी केलेली.

"काय ठरलं मग?"

मी निळी जोडी पुडीत बांधून ठेवली होती. ती पुढं सरकवली.

"हे घ्या. हे मोडणार नाहीत."



"अजिबात न्हाई मोडायचं?"

"नाही."

"म्हंजे मग..." त्यांनी रस्त्याकडं पाहिलं, परत पुडीकडं पाहिलं. "म्हंजे मला परत यायलाच नको."

"नाही लागणार यायला," मी म्हणाले. खरं तेच बोलले. त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं.

"बरं झालं," साळोखे म्हणाले. "तुमचा बी तरास वाचला." पुडी घेऊन ते गेले. स्टुलाकडं त्यांनी पाहिलं नाही, आणि पाणी द्यायचं माझ्याही लक्षात आलं नाही.

पुढच्या सोमवारी मी दुकान लवकर उघडलं. तांब्या भरून ठेवला. तोंडानं जप चालू होता आणि कान रस्त्याकडं. दुपारी वेल्डिंगवाल्यानंच विचारलं, "आज काका न्हाई आलं?" मी मान हलवली. संध्याकाळी तांब्या तुळशीत ओतला.

त्याच्या पुढचा सोमवार तसाच गेला. साळोखेंचं घर मंगळवार पेठेत, चालत जाण्यासारखं. पण सकाळी हद्द घेताना मंगळवार पेठ माझ्या तोंडून आली नव्हती. आली असती तरी दारात उभी राहून काय सांगणार होते? काय मोडलं म्हणून विचारायला आले, म्हणून?

रविवारी मी सवयीनं पातेलं ठेवलं आणि आर्म उकळले. गार झाले, पुसले, आणि मग आठवलं की आता हे कुणासाठी?

त्यानंतरच्या शनिवारी इकबाल शिकलगार बेअरिंगं न्यायला आला. गाड्यांचं गॅरेज चालवायचा आणि माळावरच्या शर्यती तोच भरवायचा. यांना गुरू मानायचा. त्याची बेअरिंगं मोजून देता देता मी विचारलं, "साळोखे येतात का रे माळावर?"

"येतात की काकू. पण कायतरी बिनसलंय त्यांचं. लिंबाखाली बसून असतात. गाडी पेटीतनं बाहीरच काढत न्हाईत."

"का?"

"इचारलं की. म्हणले, मन न्हाई. आता रिमोटच्या गाडीला मन कशाला लागतंय, सांगा!"

चासी तडकली. दुसरं काय असणार? आर्म मोडला नाही आणि मार सरळ आत गेला. यांनी सांगितलेलं माहीत असून मी माझं मन स्वच्छ ठेवायला निघाले, आणि भोगलं त्यांच्या गाडीनं. माणूस बिचारा तक्रारही करायला आला नाही.

"काकू, बेअरिंगं," इकबाल म्हणाला. पुडी माझ्या हातातच होती.

रविवारी सकाळी बस्तीत गेले. रोजच्यासारखे हात जोडले. घर, बस्ती, दुकान. एवढं बोलून मी थांबले. शेजारी कुणी मोठ्यानं णमोकार मंत्र म्हणत होतं. ते संपेपर्यंत मी तशीच उभी होते. मग म्हणाले, "आणि माळ." आवाज इतका हळू होता की माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून परत एकदा म्हणाले.

दुपार उतरल्यावर पिशवीत उकळलेल्या आर्मची जोडी घेतली, यांचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, छत्री घेतली आणि रिक्षा केली. कागलच्या वाटेला रिक्षा वळली तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि हवा किती मोकळी आहे हेही कळत होतं.

माळावर लाल मातीची वळणावळणाची वाट केली होती, कडेला जुने टायर. लाकडी माचावर माणसं ओळीनं उभी, हातात रिमोट, आणि खाली त्या गाड्या. मी विकलेली चाकं, मी विकलेले स्क्रू. चिमण्या टुणटुण उड्या मारतात तशा गाड्या खड्ड्यांवरून उडत होत्या, उलटत होत्या, आणि कुणीतरी धावत जाऊन त्यांना सरळ करत होतं. धूळ आणि आरडाओरडा. हे असं आहे होय, असं मनाशी म्हणत मी उभी राहिले. यांनी कितीदा "चल की" म्हटलं होतं.

साळोखे लिंबाखाली दगडावर बसले होते, पेटी मांडीवर. मी अगदी समोर जाईपर्यंत त्यांना दिसले नाही.

"वहिनी?" ते धडपडत उठले. "तुम्ही? अहो, तुमची हद्द..."

"आज इथपर्यंत घेतली."

त्यांनी रुमालानं दगड पुसला. मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले.

"गाडी दाखवा," मी म्हणाले.

"कशाला? बरी हाय गाडी."

"चासी गेली ना?"

"चासी? न्हाई वो. कुटं काय?"

"मग दाखवा."

त्यांनी नाइलाजानं पेटी उघडली. मी गाडी उलटी करून मांडीवर घेतली. चासीवर बोट फिरवलं, उजेडात धरली, हलवून बघितली. कुठं तडा नव्हता. खालच्या बाजूला साधा ओरखडाही नव्हता. दर आठवड्याला दगडावर आपटणारी गाडी, आणि पोट लहान बाळासारखं गुळगुळीत.

निळे आर्म जागेवर होते. काही बिघडलं नव्हतं, तरी मी आलेच होते, म्हणून स्क्रू सोडून डावा आर्म बाहेर काढला. आणि थांबले. मधोमध, दोन्ही अंगांना, दातांचे ठसे होते. एकावर एक, पुष्कळ. शिकंज्याच्या, म्हणजे वस्तू घट्ट धरायच्या व्हाइसच्या, दातांचे. आयुष्यभर लेथवाल्याच्या घरात काढलं, शिकंज्याची खूण मला ओळखू येते. निळा रंग खरवडून आतला पांढरा धातू दिसत होता. आर्म एका बाजूला जेमतेम वाकलेला. मोडला नव्हता.

"ते..." साळोखे म्हणाले. "बसवताना जरा धरला हुता शिकंज्यात."

बसवताना शिकंजा लागत नाही. पिशवीतून काळे आर्म काढले आणि बसवायला घेतले. ते माझ्या हातांकडं बघत उभे होते. अंगठ्यावर आता पट्टी नव्हती, एक जुना वण तेवढा होता.

"जा," मी गाडी त्यांच्या हातात दिली. "फिरवून आणा. मला बघायचीय."

ते माचावर गेले. इकबाल माझ्यासाठी खुर्ची घेऊन आला. "काकू! आज सूर्य कुटं उगवला? आता बघा आमच्या काकांची एसटी."

गाड्या सुटल्या. बाकीच्या धुरळा उडवत पुढं गेल्या आणि मागून एक पिवळी गाडी निघाली, संथ, रस्त्याच्या डाव्या कडेनं. उंचवटा आला की वेग कमी करायची. मागची गाडी जवळ आली की बाजूला होऊन तिला वाट द्यायची. आणि ते वळण आलं. दगड खरंच होता तिथं. पिवळी गाडी त्याच्या कितीतरी आधीच हळू झाली, लांबून वळसा घालून, त्याला वाराही न लागू देता पुढं गेली.

"हॉर्न तेवढा बसवायचा राहिलाय," इकबाल हसत म्हणाला.

"आपटत नाही का कधी?"

"काका? नाव नको. तीस वर्षं एसटी चालवली, एका सायकलला धक्का लागू दिला न्हाई. इथं सगळ्यांच्या गाड्यांचं हातपाय मोडत्यात काकू, ह्यांचं आजवर काय सुदीक मोडलं न्हाई."

निळा आर्म माझ्या मुठीत होता. दातांच्या खुणा तळव्याला टोचत होत्या.

पिवळी गाडी सगळ्यांत शेवटी आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, साळोखेंनी त्यांना हात केला. मग गाडी उचलून, चाकांची माती फुंकत ते माझ्याकडं आले. चेहरा लहान पोरासारखा झाला होता. तेवढ्यात त्यांनी पश्चिमेकडं पाहिलं.

"वहिनी, दिवस कलला. तुमचं जेवान राहील. इकबाल, रिक्षा बघ रं!"

"जाते."

"आर्म झ्याक हाय," ते म्हणाले. "उकळून आनलाय न्हवं?"

"उकळूनच."

"मग लई चिवट असणार," असं म्हणून त्यांनी गाडी पेटीत ठेवली आणि बराच वेळ झाकण लावत राहिले.

मी छत्री उचलली. इकबाल रिक्षा थांबवायला रस्त्याकडं पळाला होता. आसपास कुणी नव्हतं.

"साळोखे," मी म्हणाले, "निळी जोडी मी परत नेते. ती तुमच्या गाडीला बरोबर नाही. माझ्याकडून चुकीची गेली."

"बरं."

"आणि यापुढं तुम्हाला न उकळलेले आर्म देईन. पुडीतले. कोरडे."

त्यांचा हात झाकणावरच थांबला. त्यांनी वर पाहिलं. मी मातीकडं बघत होते. माचावर पुढच्या शर्यतीची नावं पुकारत होते, आणि आम्ही दोघंही ती नावं जणू आपलीच आहेत अशी ऐकत उभे होतो.

"व्हय," साळोखे शेवटी म्हणाले. आवाज त्यांनी खाली आणला होता, माझ्या आवाजाएवढा. "तसं दिलं तर बरं हुईल."

घरी पोचले तेव्हा दिवस बुडाला होता. जेवण राहिलं. मला भूक नव्हती असं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, फडकं लावलं, तांब्या भरला. समोर वेल्डिंगच्या ठिणग्या उडायला लागल्या.

"गेला वहिनी!" दारातून आवाज आला, समोरच्या दुकानापर्यंत जाईल असा. "ह्यो बी गेला!"

साळोखेंनी रुमाल सोडला. दोन तुकडे, मध्येच मोडलेले. अंगठ्याला नवी पट्टी होती. मी तुकडे उचलले. कशावर आपटली, हे विचारायला तोंड उघडलं होतं. विचारलं असतं तर त्यांना परत दगड सांगावा लागला असता.

तुकडे खणात टाकले, निळ्याच्या शेजारी. पुडीतून एक कोरडा आर्म काढून पुढं केला आणि स्टुलाशेजारी पाणी ठेवलं.

साळोखे बसले, रस्त्याकडं तोंड करून.

"तर काय झालं काल, सांगतो," ते म्हणाले.

"सांगा," मी म्हणाले.

साळोखे गेले, त्यालाही आता बरेच दिवस झाले. दुकानात तरुण गिऱ्हाइकं येतात, ॲल्युमिनियमचेच आर्म मागतात, आणि मी दोनदा बोलले की त्यांना ऐकू जातं. रविवारी बस्तीत हात जोडले की अजून कधीकधी तोंडातून "आणि माळ" असं निघून जातं. हद्द घेतली म्हणजे तिथवर जायलाच पाहिजे असं काही नसतं. मी घरीच असते. प्यायचं पाणी गाळते, उकळते, आणि दुसरं पातेलं ठेवत नाही.